अप्पांची सुतळी

लातुरात आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं, की पहिल्या दिवशी आमच्या घरून चहा जातो आणि शेजारच्या घरून मन्मथअप्पा जातात. चहा पिऊन होईपर्यंत अप्पा दम धरतात. मग शर्टाच्या खिशातून सुतळी काढतात आणि म्हणतात, "उठा. हात पसरा."

नव्या जागी कोण नाही म्हणणार? माणूस उठतो आणि बुजगावण्यासारखा हात पसरून उभा राहतो. अप्पा सुतळीचं एक टोक त्याच्या एका हाताच्या मधल्या बोटाला लावतात आणि छातीवरून ताणत दुसऱ्या हाताकडं नेतात. बाईमाणूस असेल तर सुतळी तिच्याच हातात देतात. "तुमचं तुम्ही धरा, मी लांबून बघतो." त्या सुतळीला एक गाठ आहे. हात गाठीच्या पुढं जातो की अलीकडं राहतो, ते डोळे बारीक करून बघतात आणि निकाल देतात. "गाठीपुढं." नाहीतर, "गाठीआड." एवढं बोलून सुतळी गुंडाळतात आणि घरी येतात. नवीन माणूस तसाच हात पसरून उभा असतो.

एकदा एका मास्तरांना वाटलं, हे शिंपी आहेत. त्यांनी कपाटातून शर्टाचं कापड आणून पुढं ठेवलं. अप्पा भडकले.

"मास्तर, मी कपड्याचं माप घेत न्हाई. धनुष्याचं घेतो."

"पण मला धनुष्य नको आहे."

"नको असू द्या. माप तर ठाऊक पाहिजे!"

अप्पांची सगळी नोकरी मोजणीच्या हापिसात गेली. मुरुडपासून उदगीरपर्यंत किती बांधांवर ते साखळी घेऊन उभे राहिले असतील, त्यांनाच ठाऊक. त्यांच्या पत्नी गंगाकाकू म्हणतात, "शेतं मोजून झाली, आता माणसं मोजून राहिले. उद्या वर गेल्यावर यमाला म्हणतील, हात पसर."

धनुष्याचा नाद अप्पांना तरुणपणापासून. कॉलनीच्या मागं एक रिकामा प्लॉट आहे. तिथं सोयाबीनच्या भुशानं गच्च भरलेली पोती उभी करून ते रविवारी सकाळी नेम शिकवतात. येईल त्याला शिकवतात, फुकट शिकवतात. त्यांची धनुष्यं जुन्या पद्धतीची, लाकडाची. दोन्ही टोकं पुढच्या बाजूला वळलेली, बैलाच्या शिंगासारखी. हल्ली चाकाचं धनुष्य निघालं आहे, ते त्यांना बिलकूल आवडत नाही. "चाकंच पाहिजेत तर सायकल घ्या की," म्हणतात.

धनुष्य कसं निवडायचं हे त्यांच्याकडून ऐकलं नाही असं आमच्यात कुणी नसेल. मी चौथी शिकलेली बाई, पण मलाही पाठ झालं आहे. पसरलेल्या हातांच्या मापावरून माणूस दोरी किती मागं ओढणार ते कळतं. त्यावर धनुष्याची लांबी ठरते. लांब हातांच्या माणसाला आखूड धनुष्य दिलं तर दोरी बोटांना चिमटते. आणि ताकदीपेक्षा जड दिलं तर नेम राहतो बाजूला, माणूस धनुष्याशीच कुस्ती खेळतो. "धनुष्य माणसाच्या मापाचं पाहिजे," अप्पा सांगतात. "माणसानं धनुष्याच्या मापाचं व्हायचं न्हाई."

जड झालं हे ओळखायची त्यांची खूण एकच. ते हाताकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. दोरी ओढताना दात दिसले की धनुष्य जड. लगेच म्हणतात, "दात दिसले. उतरव." उतरव म्हणजे दोरी हातातून सोडायची नाही. बाण नसताना दोरी मोकळी सोडली तर धनुष्य फुटतं. जशी ताणली तशी हळूहळू परत आणायची.

मागं एक जिमवाले आले होते. दंड असे, की शर्टाच्या बाह्या रडत होत्या. म्हणाले, "अप्पा, सगळ्यात जड काढा." अप्पांनी एक साधंसं धनुष्य हातात दिलं. जिमवाल्यांचा अपमान झाला. "हे तर लेकराचं हाय!" मग त्यांनी स्वतःच भिंतीवरचं जड धनुष्य उतरवून ओढलं. अर्ध्यात गेलं आणि वरचे दात दिसले, मग खालचे, मग अक्कलदाढसुद्धा. अप्पा म्हणाले, "साहेब, समदे दिसले. उतरवा."

हे वाक्य धनुष्यापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. गॅसची टाकी उचलणाऱ्याला ते म्हणतात, "दात दिसले, उतरव." बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणाऱ्या बाईला म्हणतात. माझ्या भाचीला बघायला उदगीरचे पाहुणे आले, तेव्हा अप्पा न बोलावता येऊन बसले. मुलगा घाबरून सारखा हसत होता. अप्पांनी त्याच्याकडं एकटक बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दात दिसून राहिले. ह्याला लग्न जड जाईल." सोयरीक मोडता मोडता वाचली. मुलाच्या आत्याला, हे जरा येडसर आहेत, असं सांगावं लागलं.

अप्पा असे मजेचे. रागावताना मी त्यांना एकदाच पाहिलं. समोरच्या घरी पोरीला शाळेचे बूट आणले होते, दोन बोटं मोठे. आपण सगळेच आणतो. परकर असो, गणवेश असो, वाढत्या अंगाचं घ्यायचं, म्हणजे पुढच्या साली आखूड पडत नाही. पोरगी बुटात कापूस कोंबून फटक फटक चालत निघाली होती. अप्पांनी तिला फाटकाशी थांबवलं आणि तिच्या आईवर असे ओरडले, की आम्ही सगळ्या बाहेर आलो.

"पोरीला आज चालायचं हाय का पुढच्या साली? आँ? आज पडली तर?"

बूट काढून घेतले आणि उन्हात दुकानात जाऊन बदलून आणले. आल्यावर तडक घरात गेले. आम्ही म्हणालो, ऊन लागलं असेल.

माझी आणि सुतळीची गाठ आम्ही राहायला आलो तेव्हाच पडली. मी अंगानं अगदी लहान. बसमध्ये वरची दांडी मला कधी पुरली नाही. अप्पांनी सुतळी माझ्या हातात दिली, मी भिंतीला टेकून हात पसरले. गाठ बरोबर माझ्या मधल्या बोटाच्या टोकाला आली. पुढं नाही, आड नाही.

अप्पांनी डोळे आणखी बारीक केले. "परत धर," म्हणाले. परत तसंच. मग सुतळी न घेताच निघून गेले. मला लाज वाटली. वाटलं, एवढ्या मोठ्या बाईचं लेकराएवढं माप आलं म्हणून हसू दाबत गेले असतील. सुतळी मी दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातात नेऊन दिली.

त्यानंतर अप्पांनी मला कधी गाठीआड म्हटलं नाही, गाठीपुढं म्हटलं नाही. "माय" म्हणायला लागले. "माय, पाणी आलं का?" "माय, ऊन लई हाय, पोरांना प्लॉटवर धाडू नको."

त्यांच्या बैठकीत भिंतीवर चार-सहा धनुष्यं आहेत. सगळी रविवारी खाली येतात. एक येत नाही. ते आतल्या खोलीच्या दाराशेजारी टांगलेलं असतं, लहानसं, फिकट लाकडाचं, मुठीला लाल कातडं. दोरी काढून ठेवलेली. अप्पा ते महिन्या-दोन महिन्यांनी तेलाच्या फडक्यानं पुसतात आणि परत टांगतात.

एका दुपारी मी काकूंकडं तुरीच्या शेंगा सोलायला बसले होते. अप्पा आतून ते लाल मुठीचं धनुष्य घेऊन आले. दोरी चढवली. मला म्हणाले, "माय, जरा उठतीस का?"

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी मान डोलावली. माझ्या हाताला कधी विळी-लाटण्यापलीकडं काही लागलं नव्हतं. पदर खोचला, त्यांनी सांगितलं तसं डाव्या हातात धनुष्य धरलं आणि उजव्या हाताच्या बोटांनी दोरी ओढली. वाटलं होतं हलणारही नाही. पण ती अशी सहज आली, जसं काही ते धनुष्य माझीच वाट बघत होतं. दोरी हनुवटीशी आली आणि थांबली.

अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"दात दिसले न्हाईत," ते म्हणाले. "उतरव माय, हळू." मग धनुष्य माझ्या हातातून घेऊन आत गेले.

"माझं काही चुकलं का काकू?" मी विचारलं.

काकूंनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाल्या, "तुझं कामून चुकंल? ते शैलूचं हाय."

शैलू म्हणजे त्यांची एकुलती लेक. नांदेडला शाळेत शिकवते, तिथंच संसार आहे. मी तिला ओझरतं पाहिलं होतं. लातूर-नांदेड काही लांब नाही, सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. पण ती यायची ती कामापुरती. फोन मात्र रोज. काकूंशी बोलून झालं की विचारायची, "अप्पा बरे हायत ना?" काकू फोन अप्पांपुढं धरायच्या. अप्पा दोन्ही हात हलवून, मी न्हाणीत हाय म्हणून सांग, अशी खूण करायचे. आमच्या समोर खुर्चीवर बसून, अंगात कोरडा शर्ट.

"तेरा वर्षांची व्हती शैलू," काकू सांगायला लागल्या. "धनुष्याचं लई येड. बाप जाईल तिथं मागं. ह्यांनी सुतळीनं तिचं माप घेतलं, गाठ मारली आन् हैदराबादला गेले. दुकानदारानं गाठ बघून लहानसं दाखवलं. तर हे म्हणले, पोरगी वाढती हाय, सालात आखूड पडंल. परकर घेतल्यावानी वाढत्या अंगाचं घेऊन आले."

"धनुष्य?"

"हाव. मोठं आन् जड. लेकराचा हात दोरी लागून लागून निळा पडायचा. मी हळद लावायची. ती मला म्हणायची, अप्पाला सांगू नको." काकूंनी हात थांबवला. "मग उदगीरला शाळांच्या स्पर्धा झाल्या. समद्या गावाम्होरं तिनं ओढलं. दात दिसू लागले, हात लटलट कापू लागला. आन् हे बाजूनं वरडत व्हते, ताण! आणखी ताण! बाण गेला न्हाई, तिच्या पायाम्होरं पडला. लोकं हसले."

"लेकरू होतं हो," मी म्हणाले.

"लोकांचं काय गं. हे बी हसले. लाजंनं हसले, पर हसले. तिनं वळून बापाकडं बघितलं. धनुष्य गवतावर ठेवलं आन् एसटीत जाऊन बसली. भांडली न्हाई, रडली न्हाई. पर त्यापासून बापाला काही मागितलं न्हाई तिनं. वही न्हाई, पेन न्हाई. लग्नात साडीसुदिक मलाच मागितली."

आतून फडक्याचा वास येत होता, तेलाचा.

"हे दुसरं कधी आणलं मग?"

"तिच्या लग्नानंतर. एक दिवस उठले आन् तीच सुतळी घेऊन हैदराबादला गेले. ह्या टायमाला बराबर गाठीच्या मापाचं आणलं. तवापासून भिंतीला हाय. लेक आली की ह्यांच्या तोंडाला कुलूप. ती गेली की आम्हाला चार दिवस सांगत बसतात, काय काय म्हणणार होते ते."

काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि शैलू रजा टाकून आली. उंच, सरळ, कमी बोलणारी. शाळेत शिकवणाऱ्या बाईचा करडा आवाज, पण आईशी बोलताना तो मऊ व्हायचा. बापाशी बोलायची ती दवाखान्यातल्यासारखी. "अप्पा, गोळी घेतलीत का?" "अप्पा, जेवायला वाढलंय." अप्पा "हाव" म्हणायचे आणि बैठकीतून अंगणात, अंगणातून बैठकीत फिरायचे. एरवी रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून मापणारा माणूस, पण त्या दिवसांत सुतळी खिशाबाहेर आली नाही.

ती निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मिळून चादरी धुतल्या. काकू काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या, एखाद्या साहेबासारख्या. शैलूनं ओली चादर झटकून दोन्ही हात पसरून धरली, वाळत घालायला. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, समद्या गावाचे हात मापता. लेकीनं पसरलेच हायत तर मापा की."

मला वाटलं, शैलू हात खाली घेईल. तिनं घेतले नाहीत. चादर माझ्याकडं दिली आणि तशीच उभी राहिली.

अप्पा ओट्यावरून खाली आले. आणि जे त्यांनी कॉलनीत कुणालाच कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"मापू का?"

"मापा."

त्यांनी सुतळीचं टोक तिच्या बोटाला लावलं. छातीवरून दुसऱ्या हाताकडं नेलं. गाठ तिच्या मनगटाशीच आली. पंजा सगळा पुढं राहिला. अप्पांनी सुतळी झटकली, परत लावली. "ढिली धरली असंल," म्हणाले. परत मनगटाशीच.

"अप्पा, मी आता तेरा वर्षांची न्हाई," शैलू म्हणाली. रागानं नाही म्हणाली.

तरीही अप्पा आत गेले आणि लाल मुठीचं धनुष्य घेऊन आले. दोरी चढवली. तिच्यापुढं धरलं. चार-चार दिवस आम्हाला ऐकवलेलं त्यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही.

शैलूनं ते घेतलं. विसरली नव्हती ती. पाय बरोबर पडले, खांदा बरोबर आला. दोरी ओढली. माझ्या हातात जी हनुवटीशी थांबली होती, ती तिच्या हातात तिथं यायच्या आधीच अडली. तिनं आणखी ओढली. दोरी तिच्या बोटांना चिमटली, लाकूड करकरलं.

"उतरव!" अप्पा ओरडले. "उतरव माय, उतरव!"

तिनं दोरी हळूहळू परत आणली. बापानं लहानपणी शिकवलं होतं तशी, अगदी सावकाश. मग धनुष्याकडं बघत म्हणाली, "हे तवा म्हणायचं होतं, अप्पा."

काकूंना चष्म्याआड पाणी काढायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून त्या नुसत्या ओठ चावत बसल्या.

शैलूनं धनुष्याची दोरी उतरवली. आत जाऊन ते जागच्या जागी टांगलं. येताना विचारलं, "चहा ठेवू का सगळ्यांना?"

दुपारच्या गाडीनं ती नांदेडला गेली. अप्पा फाटकापर्यंत पिशवी घेऊन गेले. रिक्षात पिशवी ठेवल्यावर तिनं त्यांच्या हाताला हात लावला, की पिशवीच सरकवली, मला लांबून दिसलं नाही.

पुढच्या रविवारी प्लॉटवर पोती उभी राहिली, पण अप्पा लवकर परतले. आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या हातात ते लाल मुठीचं धनुष्य होतं.

"माय, तुझ्या मापाचं हाय. घरात ठेव. वाटलं तर ओढ, न्हाई तर राहू दे."

"नको अप्पा," मी म्हणाले. "ते शैलूताईचं आहे."

"शैलूचं कुठलं? तेवढी शैलू आता न्हाई कुठं." त्यांनी धनुष्य माझ्या दाराशी टेकवून ठेवलं. जायला निघाले, थांबले. "पहिलं आणलं ते वाढत्या अंगाचं आणलं. दुसरं आणलं ते तवाच्या मापाचं आणलं. दोन्ही डाव उलटंच केलं बघ."

मग खिशातून सुतळी काढली. तिला आता दोन गाठी होत्या. एक जुनी, काळी पडलेली, घट्ट. दुसरी नवी. मध्ये वीतभर सुतळी. अप्पांनी ती वीतभर सुतळी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून माझ्यापुढं ताणली, जसं काही मी ती तपासून द्यायची होती.

"येवढी वाढली गं," ते म्हणाले. "मला न विचारता."